शालीचा खरा रंग

रंगूताईंचा जुना टीव्ही गेला तो अगदी गुपचूप. दुपारच्या बातम्या चालल्या होत्या. बातम्या देणारीचा चेहरा आधी दोन्ही कडांनी आत ओढला गेला, मग सगळं चित्र घडी घातल्यासारखं मिटत मिटत मधोमध एका ठिपक्याएवढं उरलं. तो ठिपका थोडा वेळ चमकला आणि विझला. रंगूताई हातातला चहाचा कप तसाच धरून काचेकडे बघत राहिल्या. कुणीतरी निरोप न घेता उठून गेल्यासारखं वाटलं त्यांना.

खरं तर त्या टीव्हीने अंथरूण केव्हाच धरलं होतं. त्याच्यावरची माणसं हिरवट दिसायची. शेजारीण बसायला आली की म्हणायची, "ताई, तुमच्याकडे सगळी आजारी माणसंच कशी हो बातम्या देतात?" पण रोज बघणाऱ्याला रोजचा फरक कळत नाही. रंगूताईंच्या लेखी तो हिरवटपणा कधी आलाच नव्हता.

रंगूताई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. तरुणपणी त्या एका सिनेमाच्या स्टुडिओत कपडे रंगवायच्या. मागच्या अंगणात मोठमोठी पातेली चुलीवर चढवलेली असत आणि त्यांत त्या लांब काठीने कापड ढवळत उभ्या असत. हात कोपरापर्यंत रंगलेले. स्वतःच्या लग्नातसुद्धा त्यांची बोटं निळी होती, आणि नवरा स्टुडिओतलाच सुतार असल्यामुळे त्याच्या नखांत भुसा होता, म्हणून कुणी कुणाला हसलं नाही. नाव तेव्हा पडलं ते पडलं. स्टुडिओ बंद झाला, सुतार देवाघरी गेला, बोटं पांढरी झाली, नाव मात्र राहिलं.

"आता नवीन घेऊच या," त्यांची लेक म्हणाली. "आणि तू सोबत ये. नाहीतर मी आणलेला तुला पसंत पडणार नाही."

आडवारची दुपार होती, त्यामुळे दुकानात गिऱ्हाईक असं नव्हतंच. आत शिरल्याबरोबर रंगूताईंचा पाय थबकला. समोरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत टीव्ही लावलेले होते आणि सगळ्यांवर एकच समुद्र होता. एकच कासव सगळ्या पडद्यांवर एकाच वेळी पाय हलवत वर येत होतं. पण समुद्र काही एक नव्हता. एकाचं पाणी निळीच्या बाटलीसारखं, एकाचं मोराच्या मानेसारखं, एकाचं शिळ्या चहासारखं. पंख्याच्या वाऱ्यात ती भिंतच हळूहळू हलतेय असं त्यांना वाटलं.

"या आजी," टाय लावलेला विक्रेता पुढे आला. "केवढा मोठा बघायचाय?"

"मोठा कशाला? ज्यात रंग खरे दिसतात तो दाखव."

"खरेच आहेत आजी. सगळे कंपनीचे आहेत."

लेक तोंड फिरवून हसली. रंगूताईंना मात्र काहीतरी सुचलं होतं. एकदा का काही डोक्यात आलं की त्या ते खाली ठेवत नसत. त्यांनी विक्रेत्याला विचारलं, जुना सिनेमा लावता येईल का यावर? कुठला, ते सांगितलं. त्यात नायिका बोटीच्या धक्क्यावर उभी असते, बोट निघून गेलेली असते आणि तिच्या अंगावर एक शाल असते. ती शाल रंगूताईंनी रंगवली होती.

"आमच्या आईच्या हातची आहे," लेकीने पुस्ती जोडली. लहानपणापासून तिने त्या शालीबद्दल इतकं ऐकलं होतं की घरात एखादी थोरली बहीण असावी तशी ती शाल होती.

टायवाल्याला काम नव्हतंच. त्याने शोधाशोध केली. सिनेमा कुणीतरी नव्याने धुऊनपुसून, ओरखडे काढून इंटरनेटवर ठेवला होता. त्याने तो हवा तिथवर पुढे नेला आणि सगळ्या भिंतीवर सोडला.

कासव गेलं आणि पहाटेचा धक्का आला. सगळ्या पडद्यांवर एकाच वेळी एक मुलगी पाठमोरी उभी राहिली.

रंगूताई भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेल्या. त्यांना तो रंग पक्का ठाऊक होता. दिवस बुडाल्यावर आकाशाच्या कडेला क्षणभर एक रंग येतो. जांभळा म्हणावा तर राखाडी वाटतो, राखाडी म्हणावा तर आतून कुणी दिवा धरल्यासारखा. तोच. पण इथे एकीच्या अंगावर वांग्याच्या सालीसारखी शाल होती, एकीच्या अंगावर पेन्सिलीच्या शिशासारखी, एकीची गुलाबी, एकीची चक्क निळी. सगळ्या मुली एकाच वेळी मान वळवत, एकाच वेळी पदरासारखी शाल सावरत. आपण एखाद्या गावात आलोय आणि तिथे सगळ्यांच्या घरी एकच मुलगी आहे, फक्त प्रत्येक घरात तिला वेगळे कपडे घातलेत, असं काहीसं त्यांना होत गेलं. टोकाला पोचल्यावर त्या परत फिरल्या आणि पुन्हा सगळ्यांसमोरून गेल्या.

"आणि ही अशी चालते काय?" त्या एका मोठ्या पडद्यापाशी थांबून म्हणाल्या. "ही चालत नाहीये, घसरतेय. लोणी लावल्यासारखी."

"ते नवीन तंत्र आहे आजी. चित्र मधेमधे भरून काढतो टीव्ही. एकदम सफाईदार दिसतं."

"तिचा पाय मुरगळलेला होता शूटिंगच्या दिवशी. ती सफाईदार कशी चालेल?"

टायवाल्याने लेकीकडे पाहिलं. लेकीने खांदे उडवले. "आई, दुकानात सगळे पडदे भडकच ठेवतात, गिऱ्हाइकाची नजर जावी म्हणून. घरी चल. माझ्या पडद्यावर बघू, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल."

लेक पुस्तकांसाठी चित्रं तयार करून द्यायची. कागदावर जे उतरणार तेच पडद्यावर दिसलं पाहिजे, यात तिची सगळी अब्रू होती. तिच्या कामाच्या खोलीच्या भिंती राखाडी होत्या आणि त्या खोलीत लाल कपडे घालून कुणी यायचं नाही असा दंडक होता, कारण अंगावरचा लाल उजेड पडद्यावर पडतो म्हणे. कॉम्प्युटरच्या पडद्याला तिन्ही बाजूंनी काळी झापडं लावली होती. अधूनमधून ती त्या पडद्यावर उंदराएवढं एक यंत्र लटकवून रंग तपासायची. रंगूताई त्याला 'पडद्याचा ताप बघणं' म्हणायच्या.

त्या संध्याकाळी लेकीने आईला आपल्या खुर्चीत बसवलं, खिडकीचे पडदे ओढले आणि सिनेमा लावला. खोलीत एकदम विहिरीत उतरल्यासारखं शांत झालं. दुकानातला तो सगळा भडकपणा इथे नव्हता. धक्क्याच्या ओल्या फळ्या दिसत होत्या, फळ्यांमधल्या फटी दिसत होत्या, लांबवर पाण्यावरचं धुकं दिसत होतं. मुलगी हळू, किंचित लंगडत चालत आली आणि थांबली. तिची शाल मातकट राखाडी होती. घड्यांच्या आत कुठेतरी जांभळ्याची पुसटशी शंका.

"हा खरा," लेक म्हणाली. "मूळ फिल्मवर असाच आहे. माझा पडदा खोटं दाखवणार नाही."

रंगूताई पुढे वाकून शालीच्या घड्यांत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही गं. हा नव्हे."

"आई, मी दिवसभर हेच करते."

"तू करतेस गं. पण हा तो रंग नव्हे."

"मग तुझी आठवण चुकतेय."

लेक हे बोलून गेली आणि तिचं तिलाच बरं वाटलं नाही. रंगूताईंनी तर ऐकलंच नसावं तसं केलं. त्यांनी एक डोळा मिटला, मग तो उघडून दुसरा मिटला. एका डोळ्यातला मोतीबिंदू काढून झाला होता, दुसऱ्यातला अजून पिकायचा होता. नव्या डोळ्याने शाल निळसर दिसत होती, पावसात राहिल्यासारखी. जुन्या डोळ्याने बघावं तर तिच्यावर मध ओतलेला. त्या पुन्हा पुन्हा डोळे बदलून बघत राहिल्या. आता लेकीच्या त्या शहाण्या पडद्यावरसुद्धा दोन शाली झाल्या होत्या.

"माझ्याच डोक्यात दोन टीव्ही आहेत," त्या हळूच म्हणाल्या, आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

जेवताना दोघी इकडचं तिकडचं बोलल्या. शालीचं नाव कुणी काढलं नाही. पण ताटं उचलताना रंगूताई म्हणाल्या, "भिंगमास्तर असतील अजून. त्यांना विचारलं पाहिजे."

भिंगमास्तर म्हणजे त्या सिनेमाचे कॅमेरामन. गळ्यात कायम एक भिंग अडकवलेलं असायचं आणि ते डोळ्याला लावून ते जगाकडे बघायचे, म्हणून ते नाव. रंगूताईंचा त्यांच्यावर फार जीव होता. तो कसला जीव, हे त्यांनी स्वतःलाही कधी नीट विचारलं नव्हतं. त्या चुलीपाशी उभ्या असताना मास्तर मागून यायचे, ओलं कापड उजेडात धरायचे आणि नुसतं "हं" म्हणायचे. त्या एका "हं"वर रंगूताईंचा आठवडा जायचा. स्टुडिओ बंद झाल्यावर माणसं पांगली ती पांगलीच.

लेकीने चार ठिकाणी फोन केले आणि पत्ता मिळाला. मास्तर एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर मुलाच्या कुटुंबासोबत राहत होते. जिना चढताना ताज्या पावाचा वास एकेका पायरीवर दाट होत गेला. दार त्यांच्या सुनेने उघडलं.

"बाबा, तुमच्याकडे कुणीतरी आलंय," ती आत वळून म्हणाली, आणि रंगूताईंना हात देऊन आत घेऊन गेली.

मास्तर खिडकीपाशी पायांवर पांघरूण घेऊन बसले होते. समोर टीव्ही चालू होता, पण त्यावर रंग नव्हते. कुठला तरी आजचाच कार्यक्रम, अन् तो करड्या, पांढऱ्या, काळ्या सावल्यांत चाललेला.

"बिघडलाय का हो?" लेकीने सुनेला हळूच विचारलं.

"छे. बाबांनी रंग पार शून्यावर आणून ठेवलाय. म्हणतात, हल्लीचे रंग डोळ्यांत बोटं घालतात. आम्हाला काही बघायचं असलं की आम्ही शेजारी जातो."

मास्तरांनी मान वर केली. रंगूताईंकडे बघितलं, मग त्यांच्या हातांकडे बघितलं.

"हात पांढरे झाले की तुझे," ते म्हणाले.

"म्हातारी झाले मास्तर."

"बस. आणि ही कोण?"

"माझी लेक. तुम्ही हिला बघितलेलं नाहीत. तुम्ही शेवटचं भेटलात तेव्हा ही पोटात होती."

चहा आला, खाली भाजलेला पाव आला. कोण कुठे गेलं, कोण राहिलं नाही, ते सगळं झालं. मग रंगूताईंनी कप खाली ठेवला.

"मास्तर, एक विचारायचं होतं. धक्क्यावरची ती शाल. तुम्ही भिंगापुढे कुठली रंगीत काच लावली होती?"

"काच? कसली काच?"

"तो रंग आणायला."

"मी काहीच लावलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "साधा पहाटेचा उजेड होता. तो रंग तुझा."

रंगूताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "माझा कसा? मी तर मातकट राखाडी रंगवली होती. गरिबाघरची वाटली पाहिजे, असं दिग्दर्शकांनी सांगितलं होतं. मला ती पसंतसुद्धा नव्हती. थिएटरात बघितली तेव्हा मी म्हटलं, मास्तरांनी काय जादू केली ही."

"अगं, मी आजवर भेटेल त्याला सांगत आलोय की रंगूचा हात बघा म्हणून."

"आणि मी सांगत आलेय, मास्तरांची नजर बघा म्हणून."

मग मास्तरांच्या खांद्यांना आधी हसू फुटलं आणि ते हळूहळू चेहऱ्यापर्यंत आलं. रंगूताईही हसायला लागल्या. पदराने डोळे पुसत त्या लेकीला म्हणाल्या, "तुझा पडदा बरोबर होता गं. मातकट राखाडीच."

लेक जिंकली होती. पण आता ते जिंकणं तिला नकोसं झालं. "पण मग तो दुसरा रंग आला कुठून?" तिने विचारलं. "दोघांनीही बघितलाय ना तुम्ही?"

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. "तो खेळ फक्त स्टुडिओतल्या माणसांसाठी होता. सकाळचा. थिएटर जुनं, पडदा धुराने पिवळा पडलेला. तिथल्या यंत्रातला दिवा कधी निळा जळायचा, कधी तांबडा. त्याने झालं असेल." ते थांबले. "आणि स्टुडिओ बंद होणार हे आदल्या दिवशीच कळलं होतं. सगळेच रडत होते तिथे."

"मी नव्हते रडत," रंगूताई म्हणाल्या.

"तूच सगळ्यांत जास्त. माझ्या शेजारीच बसली होतीस."

रंगूताईंना शेजारी कोण होतं ते आठवत नव्हतं. त्यांना वाटत होतं की त्या बाजूला नवरा होता. तो होताच, पण दुसऱ्या बाजूला. मास्तरांची बाजू इतकी वर्षं अंधारात राहिली होती. आता तिथे एक माणूस हळूहळू दिसायला लागला. गळ्यात भिंग अडकवलेला, गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसलेला.

लेक आईकडे बघत होती. तिला वाटलं, म्हणजे मीही होते तिथे. काही दिसत नसेल मला, पण आईच्या आत कुठेतरी तो उजेड झिरपला असेल.

निघताना मास्तर म्हणाले, "नवीन टीव्ही आणलात की मला बोलवा. कसा लावताय ते बघतो."

टीव्ही आणला. टायवाला स्वतः बसवायला आला, कारण या आजींना घरी काय दिसतं याची त्याला उत्सुकता होती. तो गेल्यावर लेकीने ते सफाईदार चालवणारं तंत्र आधी बंद केलं, झगमगाट उतरवला, आणि आपलं ताप बघायचं यंत्र आणून पडद्यावर लटकवलं. रविवारी चहाच्या वेळेला मास्तर सुनेचा हात धरून आले.

सिनेमा लावला आणि तिघांची जुंपली.

"निळं कमी कर थोडं," रंगूताई म्हणाल्या.

"आई, निळं कमी केलं की तिचा चेहरा पिवळा पडतो."

"रंगच कमी कर," मास्तर म्हणाले. "अजून. अजून थोडा."

"मास्तर, तुमच्या हाती दिलं तर रंगच उरायचा नाही."

लेक मधे रिमोट घेऊन बसली होती. धक्क्यावरची मुलगी वळायची आणि लेक तिला पुन्हा मागे न्यायची, पाठमोरी करायची. शाल निळीकडे झुकायची, मग मातीकडे, मग निखाऱ्यावरच्या राखेकडे. एकदा खिडकीतून उतरतं ऊन पडद्यावर तिरकं आलं आणि रंगूताई "थांब" म्हणाल्या. पण त्या काही बोलायच्या आत ऊन सरकलं. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नुसतं "हं" म्हटलं. दोघांनाही त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

मास्तरांच्या सुनेने हा सिनेमा कधी पाहिलेला नव्हता. तिने बराच वेळ धीर धरला होता. शेवटी ती म्हणाली, "पुढे जाऊ द्या ना आता. ती बोट परत येते का?"

रंगूताईंनी मास्तरांकडे बघितलं.

"येते ना?" त्या म्हणाल्या.

"मला वाटतं ती बोट वेगळी असते," मास्तर म्हणाले, पण त्यांच्या आवाजात काही खात्री नव्हती.

रंगूताईंच्या लक्षात आलं की आपल्याला हा सिनेमा आठवतच नाही. शाल आठवत होती, पातेलं आठवत होतं, तिचा मुरगळलेला पाय आठवत होता. पण त्या मुलीचं पुढे काय झालं, ती कुणाची वाट बघत होती, तिला कुणी न्यायला आलं की नाही, यातलं काही एक त्यांच्यापाशी नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी तिला त्या धक्क्यावर थंडीत तशीच उभी करून ठेवली होती.

"सोड पुढे," त्या लेकीला म्हणाल्या. "रंग राहू दे असेल तसा."

लेकीने रिमोट खाली ठेवला. धुकं थोडं विरळ झालं. मुलीने शाल डोक्यावरून घेतली आणि ती धक्क्याच्या पायऱ्या उतरायला लागली, किंचित लंगडत, एकेक पायरी बघून. आता ही निघाली कुठे, म्हणून रंगूताई खुर्चीत पुढे सरकून बसल्या.